काच जपा, बाकीचं दुरुस्त होतं: जुना एलसीडी गेम पुन्हा चालू कसा करावा

घड्याळं आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. हातात धरून खेळायचे जुने एलसीडी गेम माझ्या टेबलावर आले ते त्याच वाटेनं, कारण आतून ते घड्याळाच्याच जातकुळीचे असतात: तसेच बटण-सेल, तसाच क्वार्ट्झ, तशीच काच. गेम घेऊन येणारा बहुधा म्हणतो, "बघा काही होतंय का, नाहीतर टाकून देतो." टाकू नका. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या गेममध्येही पुष्कळदा बिघाड असा नसतोच. सेलच्या खोबणीत क्षार साचलेला असतो, बटणाखाली मळ बसलेला असतो, काचेपाशी संपर्क सुटलेला असतो. हे सगळं घरी करता येतं.

इथे मी बोलतेय ते निन्टेन्डोच्या गेम अँड वॉचबद्दल, टायगर कंपनीच्या गेमबद्दल, नव्वदच्या दशकात घरोघरी पोचलेल्या ब्रिक गेमबद्दल आणि त्यांच्यासारख्या करड्या स्क्रीनवर काळ्या आकृत्या दाखवणाऱ्या साध्या गेमबद्दल. रंगीत स्क्रीनच्या कन्सोलला यातलं थोडंच लागू पडेल.

आधी काच समजून घ्या

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ही एक गोष्ट नीट कळली पाहिजे, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर ठरतो. मोबाइलच्या स्क्रीनवर चित्र ठिपक्यांनी बनतं, त्यामुळे तीच स्क्रीन काहीही दाखवू शकते. या गेममध्ये तसं नसतं. निन्टेन्डोच्या 'ऑक्टोपस'मध्ये त्या प्राण्याची सोंड लांब होत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सोंडेचा एकेक तुकडा काचेवर आपापल्या जागी कायमचा आखलेला असतो आणि एकामागून एक काळा होतो. पाणबुड्याची प्रत्येक जागा, प्रत्येक पोझ अशीच आधीपासून काचेत हजर असते. चिपमधल्या प्रोग्रामला ना ऑक्टोपस माहीत, ना पाणबुड्या. त्याला फक्त एवढंच माहीत असतं की आता अमुक तारेला वीज द्यायची. चित्रकाराचं सगळं काम काचेवर आहे. सेलची पत्री (सेलला टेकणारी धातूची पट्टी) गेली, बटण गेलं तरी मार्ग निघतो. काच फुटली तर तसाच दुसरा गेम शोधून त्यातली काच काढावी लागते.

ही काच म्हणजे खरं तर दोन काचा, मध्ये काही मायक्रॉन जाडीची फट आणि फटीत द्रव स्फटिक. काचांच्या आतल्या बाजूंना पारदर्शक वीजवाहक थर असतो, आणि आकृत्या त्याच थराच्या असतात. बाहेरून पुढे-मागे एकेक पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म, चिकटवलेली असते. वीज नसताना द्रव स्फटिकाचे रेणू ९० अंशांचा पीळ घेऊन उभे असतात आणि प्रकाशाचा कंपनाचा रोख वळवून त्याला दुसऱ्या फिल्ममधून पार जाऊ देतात. वीज दिली की पीळ सुटतो, प्रकाश अडतो, तेवढी आकृती काळी दिसते. ही रचना १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी मांडली. कॅल्क्युलेटरमुळे अशा काचा स्वस्त झाल्या आणि निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी त्या खेळासाठी वापरल्या. २८ एप्रिल १९८० रोजी 'बॉल' आला, गेम अँड वॉच मालिकेतला पहिला. आतली चिप आणि काच शार्प कंपनीची होती. १९९१ पर्यंत ही मालिका चालली आणि तिचे ४ कोटींहून जास्त नग विकले गेले. त्यामुळे यातल्या बऱ्याच गेमचे सुटे भाग आजही मिळतात.

इथून एक पक्का नियम निघतो. चिप काचेला नेहमी दिशा बदलणारी वीज देते. एकाच दिशेची वीज सतत मिळाली तर आतला द्रव खराब होतो. म्हणून "काच चालते का बघू" म्हणत सेलच्या दोन तारा काचेच्या कडेला लावून बघण्याचा प्रकार कधीही करू नका.

सेल आणि सेलची खोबण

बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे वेळ द्या.

आधी सेलचं माप. गेम अँड वॉचच्या जुन्या मॉडेलना एलआर ४३ लागतात, दोन स्क्रीनच्या मॉडेलना एलआर ४४. दोन्हींचा व्यास ११.६ मिलिमीटरच, पण एलआर ४३ ची जाडी ४.२ आणि एलआर ४४ ची ५.४ मिलिमीटर. व्यास सारखा असल्यामुळे लोक जाड सेल पातळ सेलच्या जागी दाबून बसवतात आणि पत्री वाकवून ठेवतात. नंतर योग्य सेल घातला तरी तो टेकत नाही, आणि गेम बंद पडला असं वाटतं. अशी दबलेली पत्री चिमट्यानं हलकेच वर उचला. एकदम वाकवली तर ती मुळाशी मोडते.

एलआर ४४ म्हणजे अल्कलाइन, एसआर ४४ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. आकार एकच, वागणं वेगळं. अल्कलाइनचा दाब १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो आणि त्याबरोबर आकृत्याही फिकट होत जातात. सिल्व्हर ऑक्साइडचा दाब १.५५ व्होल्टच्या आसपास शेवटपर्यंत टिकतो आणि मग पटकन पडतो. स्क्रीन गडद हवी असेल तर सिल्व्हर ऑक्साइडच घ्या, माझ्या मते या गेमसाठी तेच योग्य. ब्रिक गेमला पेन्सिल सेल लागतात. तिथे चार्ज होणारे सेल घातले तर प्रत्येकी १.२ व्होल्टच मिळतात आणि आकृत्या पुसट दिसतात. काच म्हातारी झाली असं ठरवण्याआधी साधे नवे सेल घालून बघा.

सेल काढण्याआधी गेम अजून चालत असेल तर सर्वोच्च गुणांचा फोटो काढून ठेवा. या गेममध्ये कायमची मेमरी नसते. सेल निघाला की गुण पुसले जातात, आणि ते गुण घरातल्या कुणीतरी कधीकाळी मिळवलेले असतात.

आता क्षार. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. पत्रीवर पांढरी पूड दिसते, आणि तांब्यापर्यंत पोचलं असेल तर ती हिरवट-निळी होते. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा. सुकी पूड आधी लाकडी काडीनं खरवडून बाहेर झटका, फुंकर मारू नका. मग कापसाच्या काडीला पांढऱ्या व्हिनेगरचे एक-दोन थेंब लावून पत्रीवर टेकवा. हलका फेस येईल, तो थांबेपर्यंत काडी बदलत राहा. व्हिनेगर ओतायचं नाही, ते आतल्या सर्किट बोर्डावर उतरतं. शेवटी ओल्या काडीनं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि पूर्ण वाळू द्या. जुने झिंक-कार्बन पेन्सिल सेल गळले असतील तर त्यांचा स्राव आम्लधर्मी असतो. तिथे व्हिनेगर नको, पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा वापरा.

पत्री चकचकीत झाली आणि तरीही गेम उठत नसेल तर पत्रीपासून बोर्डाकडे जाणारी तार बघा. क्षार तारेच्या आवरणाखालून आत आत सरकत जातो. बाहेरून तार धडधाकट दिसते. टोकाशी आवरण थोडं सोला: तांबं लालसर चमकदार असेल तर ठीक, काळंठिक्कर असेल तर त्यावर सोल्डर बसणार नाही. अशी तार पूर्ण काढून नवी लावा. थोडी थोडी कापत निरोगी तांबं शोधत बसण्यात तार आखूड होत जाते आणि हाती काही लागत नाही.

लहान मुलं असतील त्या घरात बटण-सेल टेबलावर सोडून उठू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठायचं. काढलेले जुने सेलही तेवढेच धोक्याचे असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बंद डबीत ठेवा.

उघडताना

फिलिप्सचे शून्य आणि दोन शून्य मापाचे स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकचा चिमटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, भिंग आणि साधा मल्टिमीटर. एवढ्यावर निम्म्याहून जास्त कामं होतात.

स्क्रू काढले त्याच जागांच्या क्रमानं कागदावर चिकटपट्टीला लावून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर पुढून प्लॅस्टिक फुगतं किंवा तडकतं. मागचं झाकण एकदम ओढू नका. आवाज देणारी पितळी चकती बहुतेक गेममध्ये त्या झाकणाच्या आत चिकटवलेली असते आणि केसासारख्या दोन तारांनी बोर्डाला जोडलेली असते. झाकण पुस्तकासारखं बाजूला उघडा आणि तारा कुठे जातात ते आधी बघा.

परत बसवतानाची सवय आत्ताच सांगून ठेवते. स्क्रू भोकात ठेवा आणि आधी उलटा फिरवा. जुने आटे जुळले की 'टक्' असं बोटाला जाणवतं. मग सुलटा फिरवा. चाळीस वर्षांच्या प्लॅस्टिकमध्ये स्क्रूनं नवे आटे कापले की तो खांब लवकरच तडकतो. आवळताना स्क्रू टेकला की थांबा.

पुढच्या पारदर्शक खिडकीला अल्कोहोल लावू नका. ती बहुधा ॲक्रिलिकची असते, अल्कोहोलनं तिच्यात बारीक तडे जातात, आणि आतल्या बाजूनं केलेली रंगीत छपाईही सुटून येते. कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ कापड पुरे. छापलेल्या बाजूला फक्त धूळ झटका. खिडकीवरचे ओरखडे प्लॅस्टिकच्या पॉलिशनं बाहेरून घासता येतात, पण ते सगळं काम संपल्यावर.

बटणं

बटण दाबूनही ऐकत नसेल, किंवा जोरात दाबल्यावरच ऐकत असेल, तर त्याखालचं रबर काढून बघा. रबराच्या पोटाला काळी कार्बनची टिकली असते. बटण दाबलं की ती बोर्डावरच्या दोन रेघांना जोडते. टिकलीवर चिकट थर जमतो, तो रबरातूनच बाहेर पडलेल्या तेलाचा आणि धुळीचा असतो. अल्कोहोलच्या काडीनं टिकली हलकेच पुसा, बोर्डावरच्या रेघाही पुसा. पॉलिश पेपर इथे चालत नाही. बोर्डावरच्या रेघा कित्येकदा कार्बनच्याच छापलेल्या असतात आणि घासल्या की निघून जातात.

पुसूनही फरक नसेल तर मल्टिमीटरनं टिकलीचा रोध मोजा. शेकडो ओहम ते एक-दोन किलोओहम असेल तर टिकली चांगली. दहा-दहा किलोओहम दाखवत असेल तर ती थकली. तेव्हा वीजवाहक कार्बन रंगाचा एक पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्यायचा. पेन्सिलचं शिसं घासण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. मी तो करत नाही. शिशाची पूड सुटते, बोर्डावर पसरते आणि भलत्याच रेघा जोडते.

काही आकृत्या गायब असतील तर

दुरुस्तीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हा. इथे हाताआधी डोकं चालवावं लागतं.

प्रत्येक आकृतीला स्वतंत्र तार दिली तर चिपला शंभराहून जास्त पाय लागतील. म्हणून तारा वाटून घेतलेल्या असतात. काचेच्या एका बाजूला दोन किंवा चार सामायिक तारा, दुसऱ्या बाजूला पुष्कळ साध्या तारा, आणि प्रत्येक आकृती एका सामायिक आणि एका साध्या तारेच्या जोडीवर उमटते. म्हणजे चार सामायिक तारा असलेल्या काचेत एका साध्या तारेवर चारपर्यंत आकृत्या अवलंबून असतात, आणि त्या स्क्रीनवर जवळजवळ असतीलच असं नाही. वरच्या कोपऱ्यातला पक्षी आणि गुणांच्या आकड्याची एक रेघ एकाच तारेवर असू शकते.

आता निदान करा. नवे सेल घाला आणि एसीएल किंवा रीसेटचं बटण टोकदार काडीनं दाबा. बहुतेक गेममध्ये क्षणभर सगळ्या आकृत्या एकदम दिसतात. त्याच क्षणी फोटो घ्या आणि गायब आकृत्यांवर खुणा करा. दोन ते चार आकृत्या गायब असतील तर एका साध्या तारेचा संपर्क सुटलाय. स्क्रीनचा पाव किंवा अर्धा भाग गायब असेल तर सामायिक तार गेलीय. आणि वेगवेगळ्या आकृत्या बोट टेकवल्यावर येत-जात असतील तर मळ आहे, तुटलेलं काहीच नाही, निश्चिंत असा. भलत्याच आकृत्या जोडीनं उमटत असतील तर काच एका खुणेनं, म्हणजे कडेवरच्या एका जोडबिंदूनं, सरकून बसली आहे का ते बघा.

काच बोर्डाला दोन प्रकारे जोडलेली असते. पहिला प्रकार झेब्रा पट्टी. भिंगाखाली बघा, फार सुंदर रचना आहे: रबराची सरळ पट्टी आणि तिच्यात एकाआड एक काळे-फिके बारीक थर. काळा थर कार्बनचा, वीज नेणारा, फिका थर वीज अडवणारा. थर इतके पातळ असतात की काचेवरच्या एकेका खुणेखाली काही काळे थर येतातच. त्यामुळे पट्टी लांबीला किंचित इकडेतिकडे झाली तरी चालतं, काच आणि बोर्डाच्या खुणा मात्र समोरासमोर हव्यात. पट्टी प्लॅस्टिकच्या चिमट्यानं उचला, अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर तिच्या वरच्या आणि खालच्या कडा एकदाच सरळ ओढून पुसा. ताणू नका, ताणली की थर सुटतात. बोर्डावरच्या खुणा पुसा. काचेची कडा पुसताना हात अगदी हलका ठेवा, तिथले पारदर्शक थर डोळ्यांना दिसत नाहीत पण ओरखड्यानं कायमचे तुटतात. परत बसवताना स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा, म्हणजे पट्टीवर सारखा दाब येतो.

दुसरा प्रकार चिकटवलेली रिबन, पातळ प्लॅस्टिकवर छापलेल्या काळ्या रेघांची. स्वस्त गेममध्ये बहुधा हीच. तिचा गोंद म्हातारा होतो आणि टोक उचलतं. हिच्यावर आयसोप्रोपिल अजिबात लावू नका, गोंद आणि रेघा दोन्ही सुटतात. उष्णता आणि दाब हाच उपाय. आधी बोर्डाकडचं टोक घ्या, कारण तिथे काच लांब असते. टोकावर बेकिंगचा कागद ठेवा, तापमान कमी करता येणारी सोल्डरिंग आयर्न १५० अंशांच्या आसपास ठेवा आणि रुंद टोकानं दोन-तीन सेकंद दाबा. मग खोडरबरानं थंड होईपर्यंत दाबून धरा. रेघांच्या दिशेनं पुढे सरका. एवढ्यानं काम झालं नाही तरच काचेकडच्या टोकाला हात लावा, आणि तिथे आयर्नऐवजी हेअर ड्रायरची गरम हवा आणि खोडरबराचा दाब वापरा. काचेची कडा गोंदानं बंद केलेली असते, तिला जास्त उष्णता सोसत नाही. दोन स्क्रीनच्या गेममध्ये बिजागरीतून जाणारी रिबन उघडमीट करून मोडते. रेघच मोडली असेल तर ती जोडण्यापेक्षा दुसरी रिबन मिळवणं बरं.

स्क्रीन काळपट, जांभळी किंवा कोरी असेल तर

आकृत्या फिकट, पार्श्वभूमी तपकिरी-जांभळी, फिल्मखाली बुडबुडे, आणि झाकण उघडताच व्हिनेगरसारखा वास. हे पोलरायझर फिल्म कुजल्याचं लक्षण. फिल्मचं सेल्युलोज ॲसिटेट विघटित होऊन ॲसिटिक ॲसिड सुटतं, तो हा वास. काच बहुतेक वेळा ठणठणीत असते, फक्त फिल्म बदलायची.

आधी खात्री करा. चष्म्याची पोलराइज्ड काच किंवा नव्या फिल्मचा तुकडा जुन्या स्क्रीनवर धरून सावकाश फिरवा. आकृत्या कुठल्या तरी कोनात गडद दिसल्या तर पुढची फिल्म दगा देतेय आणि काच शाबूत आहे. नवी फिल्म खरी आहे का हे तपासायला लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर ती धरून फिरवा, एका कोनात ती काळीकुट्ट झाली पाहिजे.

जुनी फिल्म काढताना काच बोर्डातून वेगळी करा आणि मऊ, सपाट कापडावर ठेवा. हेअर ड्रायरनं कोमट करा, प्लॅस्टिकच्या पातीनं एक कोपरा उचला आणि फिल्म स्वतःवरच दुमडत, काचेला जवळजवळ समांतर ओढत या. सरळ वर ओढू नका. काच पातळ असते, वाकली की तडकते. एका कडेला गोंदाचा छोटा थेंब दिसेल. काचेत द्रव भरून तिथून तोंड बंद केलेलं असतं. त्याला पातही लागू देऊ नका, गोंदाचं द्रावणही नाही. उरलेला चिकटपणा अल्कोहोलच्या कापडानं भिजवून भिजवून काढा. हे सावकाशीचं काम आहे, घाई असेल त्या दिवशी हातात घेऊ नका.

नवी फिल्म कापण्याआधी गेम जोडून चालू करा आणि अख्खा तुकडा काचेवर धरून फिरवा. उजळ पार्श्वभूमीवर काळ्या आकृत्या दिसल्या की तो कोन फिल्मवर मार्करनं आखा. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आकृत्या दिसल्या तर फिल्म ९० अंश वळवा. हा कोन काचेच्या कडेला बहुधा तिरका, ४५ अंशांच्या आसपास येतो, म्हणून फिल्म स्क्रीनपेक्षा बरीच मोठी घ्यावी लागते. मागची फिल्म बदलायची असेल तर प्रकार बघून घ्या: काचेमागे छापलेलं चित्र असेल तर साधी पारदर्शक फिल्म, मागे चंदेरी-करडी पाठ असेल तर परावर्तक फिल्म. संरक्षक कागद शेवटीच काढा, एका कडेपासून टेकवत जा.

स्क्रीनवर शाईसारखा काळा डाग पसरत असेल तर मात्र काचेचं तोंड किंवा कडा सुटली आहे आणि आतला द्रव गळतोय. याला उपाय नाही. १९७९ च्या मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या मायक्रोव्हिजन या हातातल्या गेमच्या कित्येक काचा अशाच गेल्या. असा गेमही टाकू नका. रीसेटच्या क्षणी दिसणाऱ्या सगळ्या आकृत्यांचा, समोरून, सारख्या प्रकाशात फोटो काढून ठेवा. जुने गेम संगणकावर जपणारी मंडळी चिपमधला प्रोग्राम वेगळा वाचून काढतात, पण आकृत्या त्यांना काचेवरूनच हातानं गिरवून घ्याव्या लागतात. बटणं, पत्री, झाकण आणि चिप दुसऱ्या गेमच्या कामी येतात.

उन्हात राहून स्क्रीन पूर्ण काळी झाली असेल तर घाबरू नका. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की द्रव स्फटिकाचा पीळच नाहीसा होतो आणि सगळं काळं दिसतं. सावलीत थंड झालं की बहुधा परत येतं. थंडीत आकृत्या मागे शेपटी सोडत हलतात, तेही गरम खोलीत ठीक होतं. फ्रिजमध्ये किंवा हीटरजवळ ठेवून घाई करू नका.

जोडल्यावर

चाचणी खेळूनच करा. गेम अँड वॉचमध्ये आधी गेम ए, म्हणजे सोपी पातळी, लावा, तो संथ असतो. त्याच मालिकेतल्या 'फायर'मध्ये स्ट्रेचर तिन्ही जागी नेऊन बघा, डाव्या-उजव्या दोन्ही बटणांनी. ब्रिक गेममध्ये एक खेळ पूर्ण वरपर्यंत विटा साचू देऊन संपवा, म्हणजे १० बाय २० च्या जाळ्यातलं प्रत्येक घर उमटतं की नाही ते कळतं. आवाज ऐका. या गेममध्ये आकृत्या ठोक्याठोक्यानं हलतात आणि ठोका आवाजातून कळतो, मुका गेम खेळायला निम्माच उरतो. आवाज नसेल तर पितळी चकतीच्या तारेचा टाका बघा, तो पटकन सुटतो. घड्याळ असलेल्या गेममध्ये वेळ लावून रात्रभर ठेवा. आतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि खेळही त्याच्यावरच चालतो. सेलचा दाब बरोबर असून गेम उठत नसेल आणि तो कधी जोरात पडलेला असेल, तर हा छोटा दंडगोल पहिला संशयित. घड्याळातला तोच भाग इथे बसतो.

ठेवताना सेल काढून ठेवा. रोज खेळणार असाल तरी काही महिन्यांनी झाकण उघडून पत्री बघत जा. ऊन पडेल तिथे ठेवू नका, पोलरायझर फिल्म त्यानं लवकर जाते. काचेवर वजन येईल असं एकावर एक रचू नका. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा कागदी खोका चांगला, पिशवीत दमट हवा कोंडते. सेलचं माप आणि दिशा लिहिलेली चिठ्ठी सेलच्या रिकाम्या खोबणीत घालून झाकण लावा.